सूर कुणासाठी मारला, ते आधी बघा

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीलगत फ्रीमॉन्टला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. दिवाळीच्या सुमारास त्यांनी बाल्कनीत हमिंगबर्डसाठी साखरपाण्याचा फीडर टांगला. आठवड्याभरात एका गुलाबी डोक्याच्या नराने त्याचा ताबा घेतला, दुसरा कुणी फिरकला की हाकलून लावतो. डिसेंबर संपता संपता त्याने नवीनच प्रकार सुरू केला आहे. उंच आकाशात जातो, ठिपक्याएवढा होतो, आणि तिथून दगडासारखा खाली येतो. अगदी खाली आला की 'टिक्!' असा खणखणीत आवाज. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई लाल शाल पांघरून बाहेर बसल्या की त्यांच्या तोंडासमोर येऊन थांबतो, आणि परवा तर त्यांच्या डोक्यावरूनच सूर मारून गेला. हे प्रेम की भांडण, त्याच्यापासून इजा होईल का, आणि फीडर काढून टाकावा का, असं ताईंनी विचारलं आहे.

ताई, आधी सासूबाईंना निर्धास्त करा. तुमच्याकडचा पक्षी ॲनाज हमिंगबर्ड आहे. वजन जेमतेम 4 ते 5 ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखरेइतकं. गेली 19 वर्षं मी या भागात हे पक्षी बघतो आहे. पक्ष्यांच्या पायात कडी घालून नोंद ठेवणाऱ्या केंद्रावर त्यांतले कित्येक हातातही घेतले आहेत. सूर मारणाऱ्या नराने माणसाला चोच मारल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. आणि तोंडासमोर येऊन थांबणं हे चालून येणं नव्हेच. लाल रंग दिसला की फूल आहे का, हे हा पक्षी जवळ येऊन तपासतो. सासूबाईंची शाल तो तपासून गेला, एवढंच.

डोक्यावरून मारलेला सूर मात्र वेगळा, आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे. प्रेम की भांडण, असे दोन वेगळे कप्पे करून बघितलं तर हा पक्षी कळत नाही. मादी समोर असली तरी तोच सूर, दुसरा नर हद्दीत शिरला तरी तोच. कधी झाडावर बसलेल्या एखाद्या मोठ्या पक्ष्यावर, कधी माणसावर. बघणाऱ्याला सगळे सूर सारखेच दिसतात, कारण आपले डोळे त्या पडणाऱ्या ठिपक्याला चिकटलेले असतात. मी नवख्या मंडळींना पहिल्या दिवशी एकच सांगतो: त्याच्याकडे बघू नका, तो ज्या जागेवर येऊन वळतो त्या जागेकडे बघा. तिथे, झुडपात, फांदीच्या टोकाला किंवा तारेवर, कोण बसलं आहे ते शोधा. अर्थ तिथे असतो.

हे मला कळायला दोन हंगाम लागले. आमच्या गल्लीच्या टोकाला रोझमेरीचं दाट कुंपण आहे. जानेवारीतली सकाळ होती, ऊन नुकतंच वर आलेलं. एक नर त्या कुंपणासमोर दोन-तीन मीटर उंचीवर हवेत थांबला आणि घशातल्या घशात, खरवडल्यासारखं काहीतरी गायला. मग वर निघाला. सरळ नाही, थोडा डुलत, चोच खाली आणि नजर कुंपणावर. वर जाता जाता दिसेनासा झाला. मी मान वर करून उभा. तो खाली आला, 'टिक्!' झालं, पुन्हा वर गेला. असे सलग 11 सूर मी मोजले. अकराव्याला मान अवघडली म्हणून खाली बघितलं, तर रोझमेरीच्या आत, माझ्यापासून चार हातांवर, एक मादी बसलेली. पाठ हिरवी, पोट राखी, गळ्यावर लालसर ठिपक्यांचा छोटासा डाग. ती काय करत होती? चोच फांदीला घासून पुसत होती, एकदा इकडून, एकदा तिकडून. आणि प्रत्येक 'टिक्'ला डोकं किंचित वळवत होती. दोन वर्षं मी आकाशाकडे बघत आलो होतो आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते पायाशी होतं.

आता त्या आवाजाविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण जवळपास सगळे तो घशातून येतो असंच धरून चालतात. अभ्यासकांमध्येही यावर कित्येक वर्षं वाद होता. 2008 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या क्रिस्टोफर क्लार्क आणि टेरेसा फिओ यांनी तो मिटवला. त्यांनी नर पकडून शेपटीतली अगदी बाहेरची पिसं काढली किंवा कातरली आणि त्यांना सोडून दिलं. नर पुन्हा आपल्या हद्दीत जाऊन पूर्वीसारखेच सूर मारू लागले, पण 'टिक्' गायब. मग तीच पिसं प्रयोगशाळेत जोराच्या हवेच्या झोतात धरली, तर पिसाची आतली कड फडफडून तोच आवाज आला. म्हणजे गळा नव्हे, शेपटी. सुराच्या तळाशी पक्षी शेपटी सेकंदाच्या जेमतेम पंधराव्या-सतराव्या भागापुरती उघडतो आणि मिटतो. तेवढ्यात बाहेरची दोन पिसं एखाद्या पावरीच्या जिभेसारखी थरथरतात. मराठीत आपण सूर मारतो आणि सूर लावतो, हे दोन निराळे अर्थ आहेत. या पक्ष्याच्या बाबतीत ते एकाच क्षणी खरे होतात.

पिसांनी आवाज काढणं आपल्या ओळखीच्या पक्ष्यांतही आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या दलदलीत उतरणारा पाणलावा उत्तरेकडे आपल्या विणीच्या प्रदेशात गेला की असाच उंचावरून खाली झेपावतो आणि शेपटीच्या कडेच्या पिसांतून घुमल्यासारखा आवाज काढतो. आपल्याकडे तो फक्त चरायला येतो, म्हणून आपल्याला ते ऐकू येत नाही.

वेगाची गोष्ट तर मला आजही नवीन वाटते. क्लार्क यांनीच 2009 मध्ये वेगवान कॅमेऱ्याने हे सूर मोजले. सेकंदाला 27.3 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 98 किलोमीटर. आकडा म्हणून मोठा नाही, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाड्या तेवढ्याने जातात. पण पक्षी अंगठ्याएवढा आहे. एका सेकंदात तो स्वतःच्या लांबीच्या 385 पट अंतर कापतो. आणि तळाशी पंख पसरून वर वळताना त्याच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास 9 पट जोर येतो. इतका जोर सोसून, त्याच क्षणी शेपटी अचूक उघडायची. थोडी आधी उघडली तर आवाज वाया, थोडी उशिरा उघडली तर मादी मागे पडलेली.

रंगाचंही तसंच. तुमच्या नराचं डोकं कधी गुलाबी दिसतं तर कधी पार काळं, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्या पिसांत गुलाबी रंगद्रव्य नाही. पिसांच्या आतल्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड परततो आणि ठरावीक कोनातूनच तो रंग दिसतो. मोराच्या पिसाऱ्याचं तत्त्व तेच. म्हणून ऊन असेल तेव्हा नर सुराची दिशा अशी धरतो की तळाशी येताना सूर्य त्याच्या तोंडावर असतो आणि खाली बसलेल्याच्या डोळ्यांत तो गुलाबी भडका उठतो. विल्यम हॅमिल्टन यांनी 1965 सालीच हे नोंदवून ठेवलं आहे. खाली मादी असो वा शत्रू, हा कोन पाळला जातो. सकाळी तुमच्या बाल्कनीत तो कोणत्या बाजूने खाली येतो आणि दुपारी कोणत्या, हे टिपून ठेवा; दिशा फिरलेली दिसेल.

कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात ब्रॉडटेल्ड नावाचा हमिंगबर्ड आहे. तिथे बेनेडिक्ट होगन आणि मेरी कॅसवेल स्टॉडर्ड यांनी 48 सूर तपासले आणि 2018 मध्ये दाखवलं, की सर्वात जास्त वेग, शेपटीचा आवाज आणि मादीला दिसणारा गळ्याचा रंगबदल हे सगळं सेकंदाच्या तीन दशांश भागात येऊन जुळतं. गाण्यात समेवर सगळे एकदम येतात ना, तसं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कॉस्टाज हमिंगबर्ड आहे. सॅन डिएगो किंवा फिनिक्सकडच्या मराठी मंडळींना तो दिसत असेल. तो मादीच्या डोक्यावरून न जाता बाजूने सूर मारतो आणि जाता जाता शेपटीची एक बाजू मुद्दाम तिच्याकडे वळवतो. आवाज नेम धरून सोडल्यासारखा. त्याने वेगाचा अंदाज लपतो, असं त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात आढळलं. वेगाने जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या वस्तूच्या आवाजाची पट्टी बदलते, रेल्वेच्या शिट्टीसारखी. तो बाजूने गेल्यामुळे ती कमी बदलते.

तुमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत ॲलेन्स नावाचा तांबूस हमिंगबर्डही येईल. त्याला सुराआधी झोका लागतो. मादीसमोर इकडून तिकडे, तिकडून इकडे, पाळण्यासारख्या कमानी काढतो, पंखांचा घुर्र आवाज चालू असतो, आणि मग कुठे वर चढून सूर मारतो. तो आला की तुमच्या गुलाबी डोक्याच्या नराची तारांबळ बघण्यासारखी असते.

मग ओळखायचं कसं? मादीसाठीचा सूर असेल तर त्याआधी गाणं असतं आणि सूर ओळीने येतात. पुढचा भाग फारसा कुणी बघत नाही, कारण तो झुडपाच्या आत घडतो. मादी उठून दाट पाल्यात जाते, नर मागोमाग. तिथे तो तिच्या डोक्यावर, हातभर अंतरावर, मान खाली घालून झपझप इकडून तिकडे सरकत राहतो, गळ्याची पिसं फुलवून. हे दिसलं तर शंका ठेवू नका, ते प्रियाराधन. तेवढंच करून तो मोकळा. घरटं बांधणं, अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं, सगळं एकट्या मादीचं. नर त्या घरट्याकडे फिरकतही नाही.

दुसऱ्या नरासाठीचा सूर बहुतेकदा एखाद-दुसराच असतो, आणि पाठोपाठ चीर्र-चीर्र करत पाठलाग. समोरचा हटला नाही तर प्रकरण हातघाईवर येतं. दोन नर एकमेकांच्या छातीला छाती लावून वर वर जातात, पायांत पाय अडकवतात, आणि गोल फिरत गवतावर पडतात. आमच्या अंगणात एकदा पडले तेव्हा मी धावलो. मी पोहोचायच्या आत सुटले आणि एक दुसऱ्याच्या मागे लागला. गवतावर दोन पिसं राहिली, मसुराच्या डाळीएवढी. उन्हात धरली तेव्हा गुलाबी, सावलीत काळी.

ही चोच फक्त मधासाठी आहे, असं समजू नका. कोस्टा रिकातल्या ला सेल्व्हा इथे लाँगबिल्ड हर्मिट जातीचे हमिंगबर्ड नर एका ठरलेल्या जागी जमून गातात. आलेहान्द्रो रिको-गेव्हारा आणि मार्सेलो अराया-सालास यांनी 2015 मध्ये दाखवलं, की मोठ्या नरांच्या चोचीचं टोक मादीच्या चोचीपेक्षा जास्त अणकुचीदार असतं आणि ज्याची चोच जास्त टोकदार तो आपली जागा जास्त टिकवतो. ते चोचीने गळ्यावर भोसकतात. आवाजसुद्धा शस्त्रच आहे. ब्रॉडटेल्ड नराच्या पंखांतून उडताना सतत शीळ येते. 1983 मध्ये मिलर आणि इनोये यांनी काही नरांची ती शीळ बंद केली, तर त्या मुक्या नरांना आपल्या हद्दी राखता आल्या नाहीत. नुसता आवाज गेला आणि जमीन गेली.

आणि भांडण फक्त नरांचं नाही. फीडरवर मादीही नराला हाकलते, घरट्याजवळ तर कुणालाच येऊ देत नाही. पनामात व्हाइटनेक्ड जॅकोबिन नावाच्या हमिंगबर्डच्या जातीत साधारण दर पाच माद्यांपैकी एक मादी नरासारखी चमकदार दिसते. 2021 मध्ये जे फॉक आणि सहकाऱ्यांनी त्याचं कारण शोधलं. नरासारखं दिसणाऱ्या मादीला दुसरे पक्षी कमी छळतात आणि तिला निवांत खाता येतं. मला हे वाचून वाईटही वाटलं आणि त्या मादीचं कौतुकही.

इतकी मारामारी कशासाठी? हवेत स्थिर थांबून खाणं हा उडण्याचा सर्वात खर्चिक प्रकार आहे. पोट रिकामं राहिलं की थंडीच्या रात्री या पक्ष्याला अंगाचं तापमान उतरवून, ठोके मंदावून, निपचित पडून रात्र काढावी लागते. फुलांचा एखादा ताटवा राखला तर दिवस निघतो. तुम्ही टांगलेला फीडर त्याच्या दृष्टीने कधीच न सुकणारा ताटवा आहे, मग तो का सोडील? ॲनाज हा मुळात दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या पट्टीतला पक्षी. गेल्या शंभरेक वर्षांत लोकांनी लावलेल्या बागा आणि टांगलेले फीडर यांच्या आधाराने तो पार कॅनडापर्यंत पोहोचला. म्हणजे तुमचं साखरपाणी त्याच्या इतिहासाचा भाग आहे, ते काढून टाकू नका.

दुसरा फीडर मात्र लावा, आणि तो पहिल्यावरून दिसणार नाही अशा ठिकाणी, घराच्या कोपऱ्यापलीकडे. एकाच वेळी दोन जागा राखणं त्याला जमत नाही. शेजारी शेजारी दोन लावले तर तो दोन्ही राखतो, त्याने काहीच साधत नाही. प्रमाण एकास चार: एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. उकळायचं, गार करायचं, भरायचं. लाल रंग घालू नका. आपल्या घरांतून हमखास विचारलं जातं म्हणून सांगतो, गूळ नको, मध नको, ब्राउन शुगरही नको. मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते. गुळात आणि ब्राउन शुगरमध्ये लोह असतं, ते या पक्ष्याला सोसत नाही. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी भांडं धुवा. साखरेशिवाय त्यांना बारीक किडेही लागतात, म्हणून बाल्कनीतल्या कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका. जमिनीचा तुकडा असेल तर मॅन्झानिटा नावाचं झुडूप आणि लाल फुलांची रानटी गूजबेरी लावा. दोन्ही हिवाळ्यात फुलतात, नेमक्या याच्या विणीच्या दिवसांत.

हो, विणीचे दिवस हेच. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे हा पक्षी डिसेंबरलाच घरटं करायला लागतो. आपल्याकडे शिंजीर, ज्याला लोक हौसेने भारतातला हमिंगबर्ड म्हणतात, तो या कुळातला नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. महाबळेश्वरला 'हमिंगबर्ड दिसला' म्हणून फिरणारे व्हिडिओ बहुधा शिंजिराचे किंवा फुलांसमोर थांबणाऱ्या एका पतंगाचे असतात. पण सासूबाईंनी साताऱ्यात जांभळा शिंजीर गाडीच्या आरशावर चोची मारताना पाहिला असेल, तर त्यांना सांगा, हद्दीचा राग तोच. आणि विणीच्या दिवसांत उंचावरून कोलांट्या घेत खाली येणारा नीलपंख त्यांनी पाहिला असेल, तर तो प्रकारही याच जातकुळीचा.

आता त्यांना एक काम द्या. रोज सकाळी तासभर, हातात वही. सूर मारला की आकाशाकडे न बघता झुडपाकडे बघायचं आणि लिहायचं: मादी, नर, दुसरा पक्षी, की आपणच. पंधरा दिवसांत तुमचा प्रश्न तुमची वहीच सोडवेल. ज्या दिवशी 'आपणच' आलं, त्या दिवशी खुर्ची चार पावलं मागे घ्या. त्याच्या टेहळणीच्या फांदीच्या फार जवळ बसला असाल.

आणि मादी बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या कोळिष्टकाला चोच लावताना दिसली तर समजा, घरटं जवळच आहे. अर्ध्या अक्रोडाएवढं ते घरटं ती कोळ्याच्या जाळ्याने बांधते, म्हणजे पिल्लं वाढतील तसं ते ताणतं. बाहेरून दगडफूल चिकटवलेलं असतं, त्यामुळे फांदीची गाठच वाटते. आत वालाच्या दाण्याएवढी दोन पांढरी अंडी. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं हलवणं 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा पिल्लं उडून जाईपर्यंत माळ्याला झुडपं छाटायला लावू नका. सासूबाईंना सांगा, बाल्कनीतली जळमटं तेवढी यंदा राहू द्या.